सहा इंची पडदा आणि आपले ठोकळे

हॉस्टेलमध्ये कुणी ई-रीडर आणला की आठवडाभरात निम्मा मजला येऊन तो हाताळून जातो, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : "यात आपली पुस्तकं चालतात का रे?" कादंबऱ्या चालतात, त्याबद्दल वाद नाही. पण आपली पुस्तकं म्हणजे डिझाइनचे ठोकळे, आयएस कोड, हॅण्डबुकं, शब्दकोश. ती कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही, त्यांत शोधायचं असतं. वाचणं वेगळं आणि शोधणं वेगळं. ई-रीडर बनवणाऱ्यांनी विचार केलाय तो मुख्यतः वाचणाऱ्यांचा.

माझा यात सरळ स्वार्थ आहे. चिंचपोकळीची आमची खोली दहा बाय बाराची. चाळीत पुस्तकांना एक फळी हवी असली तरी आधी देव्हारा, टीव्ही आणि आजीची ट्रंक यांची परवानगी काढावी लागते! लायब्ररीतल्या जाड पुस्तकांवर 'रेफरन्स'चा शिक्का, ती बाहेर जात नाहीत. आणि स्वतःचा ठोकळा पाठीला लावून संध्याकाळच्या लोकलमधून चिंचपोकळीला उतरणं म्हणजे काय, ते मध्य रेल्वेवाल्यांना सांगायला नको. म्हणून गेलं वर्षभर एक सहा इंची आणि मित्राचा एक दहा इंची असे दोन ई-रीडर मी खऱ्या कामाला जुंपले.

आधी साधं गणित करू. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंमी. सहा इंची पडदा साधारण ९ बाय १२ सेंमी. पानाची अख्खी रुंदी त्यात बसवली तर १० पॉइंटचं अक्षर ४.३ पॉइंटचं होतं. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखं. पडदा आडवा केला तर ५.७. आता समास कापून टाका : दोन्ही बाजूंचे दोन-दोन सेंमी गेले की मजकूर उरतो १७ सेंमीचा, आणि आडव्या पडद्यावर अक्षर येतं ७ पॉइंटवर. हे वाचता येतं. दहा इंची (खरं तर १०.३) पडद्यावर समास कापलेलं पान उभंच ९ पॉइंटच्या वर जातं, तिथे प्रश्नच मिटला. पण त्याची किंमत बघून आपला प्रश्न मिटत नाही, ही गोष्ट वेगळी.

गंमत अशी की दोन कॉलमी पुस्तक छोट्या पडद्याला जास्त मानवतं. एक कॉलम ८ सेंमीचा, तो ९ सेंमीच्या पडद्यावर चक्क मोठा होतो. मात्र एका पानाचे पाच-सहा तुकडे पडतात आणि दोन्ही कॉलममध्ये पसरलेलं टेबल आलं की ते मधोमध चिरलं जातं. "मग पीडीएफचा मजकूर मोकळा करून घ्यावा, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल," असं कुणीतरी सुचवतंच. धड्याला ते चालेल. टेबलाला कधीही करू नका. रकाने सरकतात, आणि शेजारच्या रकान्यातला आकडा आपला समजून पुढचं सगळं डिझाइन उभं राहतं. पडद्यावर ते अगदी नीटनेटकं दिसतं, हाच धोका.

दुसरी अडचण उड्यांची. आयएस ४५६ : २००० मधलं कातर बलाचं कलम घ्या. ४०.१ मध्ये ताण काढायचा, टेबल १९ मधली काँक्रीटची क्षमता बघायची, टेबल २० मधली कमाल मर्यादा तपासायची, आणि किमान पोलादासाठी थेट मागे २६.५.१.६ ला जायचं. छापील कोडमध्ये आपण दोन बोटं अडकवून हे सहज करतो. ई-इंकच्या पडद्याला बोटं अडकवता येत नाहीत. त्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात, पान बदलताना ते खरोखर वर-खाली सरकतात. पान स्थिर असताना वीज जवळपास लागत नाही म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते, पण भराभर पानं चाळणं जमत नाही. उपाय म्हणजे खुणा. रोज लागणाऱ्या आठ-दहा पानांना बुकमार्क करून त्यांना आपल्या शब्दांत नावं द्या. 'टेबल १९' हे नाव 'पान ७३' पेक्षा लवकर सापडतं.

पानांच्या आकड्यांचं आणखी एक. पुस्तकाच्या सुरुवातीची प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांत असतात, फाइल मात्र मुखपृष्ठापासून मोजते. अनुक्रमणिकेत २१० असेल तर फाइलमध्ये ते २२६ असू शकतं. हा फरक एकदा काढा आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवा : 'अधिक १६'. एवढ्याशा गोष्टीने माझा सगळ्यात जास्त वेळ वाचला.

शोध चालत नसेल तर फाइल बहुधा नुसत्या फोटोंची आहे. लॅपटॉपवर ओसीआर करून घ्या, आणि हजार पानांची फाइल प्रकरणवार तोडा, म्हणजे बिचारा ई-रीडर गुदमरणार नाही.

मराठीत मात्र वेगळीच कथा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, आत असतात भलतेच संकेत. शोध शून्य! युनिकोडमध्येही 'दोऱ्या'तला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला जुळे, शोधणाऱ्याला अनोळखी. आणि शब्दकोश जोडलात तरी 'पाण्याने'वर बोट ठेवल्यावर त्याला 'पाणी' आठवेलच असं नाही. इंग्रजीत शेवटचा एस काढला की बरंच काम भागतं, आपल्याकडे सामान्यरूप मध्ये येतं. केओरीडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर कोबोसारख्या यंत्रांवर चालतं आणि त्यात स्टारडिक्ट प्रकारचे कोश घालता येतात. पण कोश बनवणाऱ्याने शब्दाची रूपं दिलेली नसतील तर मूळ शब्द आपणच टाइप करायचा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाने शोधता येईल असा ऑनलाइन ठेवला आहे. ती आवृत्ती छापली बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. हा छापखाना भायखळ्याचा, म्हणजे आमच्यापासून एक स्टेशन. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, वीस खंड पुरे व्हायला पुढचं शतक उजाडलं. तोही ऑनलाइन वाचता येतो, आणि चाळीतल्या कुठल्या फळीवर तो मावला असता!

परीक्षेचं विसरू नका. जिथे कोड वापरायची मुभा असते तिथेही हॉलमध्ये छापील प्रतच चालते, यंत्र बाहेर. म्हणून शेवटचा महिनाभर मी ई-रीडर कपाटात ठेवतो आणि कागदी कोडवरच गणितं सोडवतो. टेबल १९ च्या पानाला चिकटपट्टीचा लाल तुकडा लावलाय. हॉलमध्ये खुणा केलेली प्रत चालते का, ते मात्र आधी सरांना विचारून घ्या.