बेसिनमधून येणारी दुर्गंधी

न्हाणीघरातील हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीतून येणारी दुर्गंधी ही सदनिकांमधील नेहमीची तक्रार आहे. तिची प्रमुख कारणे दोन आहेत : सांडपाण्याच्या नळीतील वायूला घरात येण्यापासून रोखणारे पाणी नाहीसे होणे, किंवा नळीच्या आत साचलेला मळ कुजणे. दोहोंचे उपाय भिन्न असल्यामुळे वासाचा उगम निश्चित करणे ही पहिली पायरी ठरते. सुगंधी गोळ्यांनी वास झाकला जातो. दोष मात्र कायम राहतो.

जलरोध

बेसिनखालच्या नळीच्या बाकात, अथवा बॉटल ट्रॅप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भांड्यात, थोडे पाणी सतत साठून राहते. त्यास जलरोध म्हणतात. सांडपाणी त्यातून पुढे जाते, परंतु नळीतील हवा मागे येऊ शकत नाही. जलरोधाची खोली सामान्यतः किमान ५० मिलिमीटर ठेवतात. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये ज्या शौचकूपाचे पेटंट घेतले, त्यात असाच वळणदार पाइप होता. जमिनीतील नहाणी ट्रॅप आणि इमारतीबाहेरचा गली ट्रॅप याच तत्त्वावर काम करतात.

कारणे

जलरोध सुकणे : बेसिन काही आठवडे वापरात नसल्यास ट्रॅपमधील पाण्याची वाफ होते. उन्हाळ्यात ही क्रिया जलद घडते.

जलरोध ओढला जाणे : वरच्या मजल्यावरून एकदम पुष्कळ पाणी सोडले गेले आणि हवेसाठीचा पाइप नसला किंवा तुंबला असला, तर ट्रॅपमधील पाणी खेचले जाते. अशा वेळी बेसिनमधून गुडगुड आवाज येतो.

सांध्यातील फट : बेसिनचा लवचीक वेस्ट पाइप भिंतीतील किंवा जमिनीतील छिद्रात नुसता खोचलेला असतो. बेसिनला स्वतंत्र ट्रॅप नसेल, किंवा छिद्राभोवतीची फट बुजवलेली नसेल, तर वायू थेट खोलीत येतो.

मळ कुजणे : साबण, केस, थुंकी व टूथपेस्ट यांचा बुळबुळीत थर नळीच्या आत आणि बेसिनच्या वरच्या कडेजवळील जादा पाण्याच्या छिद्रात साचतो. प्राणवायू नसलेल्या ठिकाणी त्यातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असणारा वायू निर्माण करतात.

उगम शोधण्याची पद्धत

प्रथम हा वास इंधनवायूचा नाही याची खात्री करावी. सिलिंडरमधील व नळाने येणाऱ्या इंधनवायूत गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. न्हाणीत गॅस गिझर असल्यास हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. शंका असल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. खिडक्या उघडून, पुरवठ्याची कळ बंद करून बाहेर पडावे व गॅस कंपनीस कळवावे.

त्यानंतर नळाचे पाणी पेल्यात घेऊन दुसऱ्या खोलीत त्याचा वास घ्यावा. पेल्यातील पाण्याला वास असल्यास दोष पाण्यात, टाकीत किंवा गिझरमध्ये आहे. वास नसल्यास बेसिनमध्ये व नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतावे. थोड्या वेळात वास थांबला तर जलरोध सुकला होता असे समजावे. वास थांबून काही तासांतच परतला, तर पाणी ओढले जात आहे किंवा ट्रॅप गळत आहे. वासात फरक पडला नाही, तर जादा पाण्याचे छिद्र, जाळी व वेस्ट पाइपचा सांधा ओल्या फडक्याने एकेक झाकून पाहावा. घरातील सर्वच जाळ्यांतून वास येत असल्यास इमारतीचा चेंबर तुंबलेला असण्याची शक्यता असते.

उपाय

बॉटल ट्रॅपचे खालचे भांडे हाताने फिरवून काढता येते. खाली बादली ठेवून ते काढावे, धुवावे व रबरी चकतीसह पुन्हा घट्ट बसवावे. जादा पाण्याचे छिद्र बारीक ब्रशने घासावे. धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी तेलकट थर सैल करते. मात्र उकळते पाणी टाळावे, कारण पीव्हीसीचा पाइप त्याने मऊ पडतो. आम्ल व ब्लीचिंगचे द्रावण एकत्र कधीही वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. साठवलेले पाणी बादली-तांब्याने वापरले जाऊ लागले की घरातील दुसरे बेसिन कोरडे राहण्याची शक्यता वाढते. शिवाय चाकण, भोसरी आणि तळवडे येथील कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे दिवाळीत व उन्हाळी सुटीत मूळ गावी जातात. घराला कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडल्यास बाष्पीभवन मंदावते.

आरोग्य व सुरक्षितता

कोरडा ट्रॅप नेहमीच निरुपद्रवी नसतो. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स रोगाची लागण झाली. न्हाणीतील सुकलेले ट्रॅप आणि हवा ओढणारे पंखे यांमुळे सांडपाण्याच्या नळीतील विषाणू घरांत आले, असे तेथील तपासात दिसून आले.

घरात येणारा वास बहुधा अत्यल्प वायूचा असतो. बंद चेंबर व सेप्टिक टाकी यांतील हायड्रोजन सल्फाइड मात्र प्राणघातक ठरतो. हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाकाची संवेदना बधिर होते. म्हणून वास थांबणे हे धोका टळल्याचे लक्षण नव्हे. चेंबर तुंबल्यास गृहनिर्माण संस्थेने कोणालाही आत उतरवू नये. यंत्राने सफाई करून घ्यावी. संरक्षक साधनांविना गटारात व सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई असून तो दंडनीय अपराध आहे.