सोळा नंबरचं रील

वेरूळला लेणी चौतीस, पण मोबाइलवर एकच: सोळा नंबर, कैलास. तेही बहुधा शेजारच्या डोंगरावर चढून वरून घेतलेलं. सुटीच्या सकाळी तिथं उभं राहिलं की ते रील कसं जमवतात, ते जवळून बघता येतं.

एक पोरगा काठापासून हातभर आत, मोबाइल उभा धरून. “काका, थोडं सरका ना, तुमची सावली येतेय,” असं मला सांगून झालेलं. आधी नुसता कातळ, मग मोबाइल हळूच खाली झुकतो आणि शिखर समोर येतं. जोडीदाराला ते पटत नाही. “लई स्लो झालं. तीन सेकंदांत मंदिर दिसलं पाहिजे, नाहीतर पब्लिक पुढं जातं.” पुन्हा तेच. मग आवाज भरायचा: हे मंदिर माणसांनी बनवलेलंच नाही! खाली लोकेशन टॅग, हॅशटॅगची रांग आणि ज्या हॉटेलात रात्री फुकट जेवण झालं, त्याचं नाव. अशा देवाणघेवाणीतून झालेलं रील म्हणजे जाहिरातच, आणि तसं स्पष्ट लिहावं, हे भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्येच सांगितलंय. इथं ते कुणी लिहिलं नाही.

ऑर्कुट आणि फेसबुक २००४ मध्ये आले, तेव्हा आपण टाकलेला फोटो ओळखीपाळखीतच फिरायचा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं, आणि ओळखीची गरज संपत गेली. अनोळखी माणूस किती वेळ थांबला, यावर ते आणखी किती अनोळखी माणसांपुढं जाणार हे ठरतं. हॉटेलवाल्याला एका थाळीत एवढी जाहिरात दुसरीकडं कुठं मिळणार? आणि माणूस थांबवायचा तर चमत्कार हवाच.

गंमत म्हणजे ही युक्ती जुनीच आहे. राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ.स. ८१२-१३ च्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव ते बघून थक्क होतात, हे स्वयंभूच असणार म्हणतात; ज्यानं ते घडवलं, त्यालाही आपल्या हातून हे कसं झालं, असा प्रश्न पडतो. प्रसिद्धीचा याहून सरस मजकूर कोण लिहिणार! फक्त ताम्रपटात देऊळ करवून घेणारा कृष्णराजा आहे, थक्क झालेला कारागीरही आहे. रीलमध्ये दोघंही गायब, परग्रहवासी हजर.

मला खटकतो तो त्यातला आळस. खाली उतरून भिंतीशी जा, कातळावर छिन्नीचे ओरखडे दिसतात. कैलास वरून खाली कोरत आणलाय, शिखर आधी आणि जोतं शेवटी. जास्तीचा उडालेला दगड परत बसवायची सोय नाही. कॅमेरा त्या ओरखड्यांवरून फिरवला, तर तीन सेकंदांत माणूस थांबेल, माझी पैज.

रील बघून माणसं येतात, हे खरं. रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्यांचा धंदा होतो, चांगलंच आहे. पण यातले बरेच जण सोळा नंबर बघून थेट पार्किंगकडं वळतात. लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरलेलं दहा नंबरचं छत, बत्तीस नंबरची इंद्रसभा राहूनच जाते.

जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. सुरुवात दहा नंबरपासून करा. आणि रील टाकलंच, तर त्यात कृष्णराजाचं नाव तेवढं लिहा.