मुरलेले चेडर आणि आपल्या गोळ्या

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याशी चेडर नावाचे गाव आहे. तेथील घळीतल्या गुहांमध्ये बारमाही थंडावा आणि ओलावा असतो. चीज मुरवण्यास अशी जागा उत्तम. ११७० साली राजा दुसरा हेन्री याने १०,२४० पौंड चेडर खरेदी केल्याची नोंद आहे.

पारंपरिक रीतीत दुधाला विरजण आणि वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट लावतात. घट्ट झालेल्या दुधाचे तुकडे करून पाणी निथळवतात. उरलेल्या गोळ्याच्या लाद्या एकमेकींवर रचून वारंवार उलटतात; यालाच चेडरिंग म्हणतात. मग मीठ, दाब, वर चरबी लावलेले कापड आणि वर्षभराची प्रतीक्षा! (शाकाहारी वाचकांनी रेनेट आणि चरबी या दोन शब्दांची नोंद घ्यावी.) एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटच्याच जोसेफ हार्डिंग याने या कृतीला तापमान, वेळ आणि स्वच्छता यांची शिस्त लावली. जंतूंचा सिद्धान्त सर्वमान्य होण्यापूर्वीचे हे काम, म्हणून वैद्यकातल्या माणसाला त्याचे विशेष अप्रूप.

दुसऱ्या महायुद्धात दुधाचे नियंत्रण सरकारकडे गेले, एकाच साच्याचे ‘सरकारी चेडर’ बनू लागले आणि चीजचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालले. शेतघरांतील बहुतेक चुली तोवर थंडावल्या होत्या. मूठभर घराण्यांनी जुनी रीत जपली, म्हणून ती आज शिल्लक आहे.

आता आपल्या कामाचे. दीर्घकाळ मुरल्यामुळे चेडरमध्ये दुग्धशर्करा जवळजवळ उरत नाही. दूध न पचणाऱ्या अनेक वृद्धांना ते सोसते. तीस ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे सात ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र त्यातच अर्धा ग्रॅम मीठ आणि दहा ग्रॅम स्निग्धांश असतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

याच मुरण्यात एक धोकाही दडलेला आहे. जिवाणू प्रथिनांतील टायरोसिनपासून टायरामिन हे द्रव्य तयार करतात. एरवी आपले शरीर ते सहज निकामी करते. परंतु काही औषधे नेमकी ती यंत्रणाच रोखतात आणि रक्तदाब एकाएकी भडकतो. नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या औषधविक्रेत्याच्या लक्षात आले, की नैराश्यावरील अशी गोळी घेणाऱ्या आपल्या पत्नीचे डोके चीज खाल्ल्यावर विलक्षण ठणकते. त्याने लंडनच्या डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांना तसे कळवले. ब्लॅकवेल यांनी १९६३ साली हा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. घरातल्या माणसाची नजर किती मोलाची असते, ते पाहा.

नैराश्यावरील ती जुनी औषधे आता क्वचितच दिली जातात. परंतु कंपवातासाठीचे सेलेजिलिन व रासाजिलिन, तसेच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात वापरले जाणारे लिनेझोलिड याच जातकुळीतील आहेत. सर्वांचा धोका सारखा नसतो. नेहमीच्या मात्रेत पहिली दोन बरीच सुरक्षित आहेत. तरीही परदेशातून मुलांनी आणलेली जुन्या चेडरची वडी कापण्यापूर्वी गोळ्यांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवावी. आपल्या मनाने गोळी मात्र मुळीच थांबवू नये, आणि चीजसाठी तर नाहीच. थांबवल्यानंतरही काहींचा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो.

खाल्ल्यानंतर तास-दोन तासांत डोके असह्य ठणकू लागले, छाती धडधडली, घाम फुटला किंवा मान ताठरली, तर रक्तदाब मोजावा आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. घरच्या ताज्या पनीरला ही भीती नाही. ते मुरवलेले नसते.