यूएक्सवाल्यांच्या इतक्या संघटना कशाला?

अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरायला सोपी करणं हा ज्यांचा धंदा, त्या यूएक्स (यूजर एक्स्पीरियन्स) डिझाइनरांच्या संघटनांची यादी पाहून नवखा विद्यार्थी चक्रावतो. त्यातून काही समज पक्के होतात.

गैरसमज : आधी स्मार्टफोन आला, मग यूएक्स आणि मग या संघटना.

वस्तुस्थिती : अमेरिकेतली ह्युमन फॅक्टर्स सोसायटी १९५७ ची. विमानातली बटणं आणि काटे वैमानिकाला चकवू नयेत, हा ‘ह्युमन फॅक्टर्स’ या विद्येचा दुसऱ्या महायुद्धातला प्रश्न. संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम संस्थेत एचसीआयचा, म्हणजे माणूस-संगणक संवादाचा, सिगकाय हा गट १९८२ मध्ये झाला, वापरसुलभता तपासणाऱ्यांची यूपीए १९९१ मध्ये. डॉन नॉर्मन यांनी अ‍ॅपलमध्ये ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द पदनामात घेतले ते १९९३ च्या सुमारास. स्मार्टफोनची लाट या सगळ्यांनंतरची.

गैरसमज : काम एकच, पाट्या वेगळ्या.

वस्तुस्थिती : रेल्वे तिकिटाचं अ‍ॅप घ्या. ‘तिकीट रद्द करा’ कोणत्या सदरात शोधलं जाईल, हे इन्फर्मेशन आर्किटेक्ट ठरवतो. पैसे भरताना नेट गेलं आणि प्रवाशाने बटण पुन्हा दाबलं तर काय व्हावं, हा इंटरॅक्शन डिझाइनरचा प्रश्न. चार-पाच प्रवाशांना समोर बसवून ते कुठे अडतात ते टिपणारा यूजेबिलिटीवाला. ‘व्यवहार अयशस्वी’ एवढ्यावर न थांबता पैसे परत कधी मिळतील हे लिहिणारा टेक्निकल रायटर. आणि अशा हजार पडद्यांमागचा नियम शोधणारा एचसीआयचा संशोधक. पडदा एक, अडचणी पाच. छोट्या कंपनीत ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात, म्हणून तो तीन-तीन परिषदांत दिसतो. सरमिसळ आहे ती माणसांची. प्रश्न आपापल्या जागी आहेत.

ही कुंपणं काढायचा प्रयत्नही झाला. यूएक्स डिझाइनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००९ मध्ये इन्फर्मेशन आर्किटेक्टांच्याच परिषदेत सांगितलं, की इन्फर्मेशन आर्किटेक्ट नाहीत, इंटरॅक्शन डिझाइनरही नाहीत. आहेत ते फक्त यूएक्स डिझाइनर. यजमानांच्या घरात असं बोलायला धाडस लागतं! यूपीएनेही २०१२ मध्ये नावात ‘यूएक्स’ घेऊन यूएक्सपीए हे नाव धारण केलं. तरी इन्फर्मेशन आर्किटेक्टांची परिषद पुढेही भरत राहिली.

गैरसमज : संस्था बुडाली, म्हणजे विद्या संपली.

वस्तुस्थिती : इन्फर्मेशन आर्किटेक्चर इन्स्टिट्यूट २०१९ मध्ये विसर्जित झाली, इंटरॅक्शन डिझाइनरांची आयएक्सडीए २०२४ मध्ये बंद झाली. १९५३ पासूनचा वारसा असलेली टेक्निकल रायटरांची एसटीसी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. आयएक्सडीएचं सभासदत्व तर मोफत होतं. अशा संस्थेचा गाडा ओढणं सोपं नसतं. आटले ते पैसे. तिकिटाच्या अ‍ॅपमधल्या पाचही अडचणी कालच्याइतक्याच आज आहेत.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या १९६९ पासूनच्या आयडीसी या डिझाइन विभागामध्ये इंटरॅक्शन डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि ‘इंडिया एचसीआय’ परिषदेत प्राध्यापक व उद्योगातले लोक एकत्र येतात. कुठल्या गटात जावं असा प्रश्न पडला असेल, तर पाट्या वाचत बसू नका. आपण रोज कुठे अडतो ते पाहा आणि त्यावरच बोलणाऱ्यांच्या पुढच्या बैठकीला जाऊन बसा.