बडीशेपेचे पोहे

मागल्या पौषात आमचे साडू पुण्याहून सहकुटुंब इंदूरला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना राजवाड्याजवळ पोहे खावयास नेले. पहिल्याच घासाला ते थबकले. "हेडमास्तर, पोह्यांत बडीशेप? आणि जोडीला जिलबी? इथे राहून तुम्ही मंडळी बिघडलात!" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण ते वाक्य मनात सलत राहिले.

वस्तुतः इंदुरी पोह्यांची रीतच निराळी. येथे फोडणी दिलेले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफेवरच ऊन राखतात. त्यामुळे तेल बेताचे लागते व पोहे मऊ राहतात. आत किंचित साखर, बडीशेप. वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जिरावन. जिरावन म्हणजे जिरे, धने, आमचूर, काळे मीठ इत्यादींची माळवी पूड. ती ज्यावर पडत नाही असा पदार्थ येथे विरळाच.

रात्री साडूंना सराफ्यात नेले. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. रात्री पेढ्यांची दारे लागली की त्याच ओट्यांपुढे शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. माणसांची वर्दळ राहिली म्हणजे दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच या मंडळींना थारा दिला, असे जुने लोक सांगतात.

प्रथम भुट्ट्याचा कीस घेतला. कोवळी कणसे किसून तुपात परततात, दुधात शिजवतात आणि वर लिंबू पिळतात. मग थंडीतला खास गराडू. कोनफळाच्या जातीचा हा कंद खरपूस तळून त्यावर जिरावन भुरभुरतात. जोशींच्या दहीवड्याच्या दुकानी दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. आमच्या साडूंची मान द्रोणाबरोबर वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. शिकंजी मागविली तेव्हा त्यांना लिंबाचे सरबत अपेक्षित होते. पुढ्यात आले ते आटीव दुधाचे, केशर व सुकामेवा घातलेले दाट पेय! ते मात्र त्यांनी तक्रार न करता संपविले.

आमच्या मेहुणीबाई एका पातेल्यापाशी थांबल्या. "अगंबाई, ही तर साबुदाण्याची खिचडी!" होय, खिचडीच, पण तीही वाफेवरची, वर फराळी चिवडा आणि जिरावन घातलेली. भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणाचाही उपवास नसावा. आपल्या एकादशीच्या पानातला पदार्थ या शहराने रात्री अकराचा खाऊ करून टाकला आहे.

नव्या पलासियातील 'छप्पन दुकान' अधिक नीटनेटके आहे. 2020 मध्ये त्याचे नूतनीकरण होऊन तेथे वाहनांना मज्जाव झाला. खोबऱ्याचे सारण भरलेली पॅटिस खावी ती तेथेच. परंतु आमचा जीव सराफ्यात. अलीकडे तेथे नूडल्स आणि मोमो यांची गर्दी वाढली आहे. अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्यांमुळे आग लागण्याची भीतीही सराफांनी बोलून दाखविली आहे. ती अनाठायी नाही. मात्र उपाय योजताना कीस आणि गराडू यांची जागा राहावी, एवढीच आमची इच्छा. त्यासाठी आपणही तेथे जाऊन नेमके तेच मागितले पाहिजे.

वाचकहो, साडूंना द्यावयाचे उत्तर आम्हांस परतीच्या वाटेवर सुचले. 1818 मध्ये होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदूरला आली. पोहे येथे मराठी मंडळींनीच आणले, असे मानले जाते. स्वयंपाकघरातून ते रस्त्यावर आले, माळव्याची बडीशेप त्यांना मिळाली, जिलबीशी सोयरीक जुळली. ते बिघडले नाहीत; ते येथले झाले. आमचेही तेच झाले आहे. आमच्या घरी आजही आईच्या पद्धतीचे कांदेपोहे होतात, आणि आमचा नातू त्यावर जिरावन मागून घेतो. त्याच्या लेखी दोन्ही 'आपलेच'.

साडू निघाले तेव्हा मेहुणीबाईंनी जिरावनाच्या दोन पुड्या पिशवीत ठेवल्या. साडूंनी ते पाहिले. बोलले मात्र काही नाहीत.