“माझ्या नशिबातच नाही” असं आपण का म्हणतो?



गटातल्या कुणी दोन हप्ते थकवले, प्रशिक्षणाला आली नाही, की आपण लगेच म्हणतो, “तिला पुढं जायचंच नाही.” तिला विचारलं तर म्हणते, “ताई, माझ्या नशिबातच नाही.” आज या दोन वाक्यांबद्दल बोलूया. त्यासाठी जरा लांबच्या देशात जावं लागेल.

अमेरिका खंडाच्या मधल्या भागात एल साल्वादोर नावाचा देश आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. कॉफीचे मळे मूठभर घराण्यांचे, राबणारे बाकी सगळे. तिथल्या विद्यापीठात इग्नासिओ मार्तिन-बारो मानसशास्त्र शिकवायचे. मूळचे स्पेनचे, ख्रिस्ती धर्मगुरू. १९८० पासून त्या देशात यादवी युद्ध चालू होतं.

तिथंही गरिबांना आळशी म्हणायचे, आणि गरीब म्हणायचे, देवाची मर्जी. मार्तिन-बारोंनी विचारलं, हा विचार माणसाच्या डोक्यात आला कुठून? पिढ्यान्‌पिढ्या राबूनही जमीन मिळाली नाही. १९३२ साली मजूर उठले तेव्हा सैन्यानं हजारोंना मारलं. मग “काही बदलत नाही” हा अनुभवातून शिकलेला धडा झाला. हात-पाय मारून दर वेळी मारच मिळत असेल तर गप्प राहणं हे शहाणपणच ठरतं. पण त्या गप्प राहण्याचा फायदा मळेवाल्याला होतो. म्हणून ते म्हणायचे, एकट्या माणसाच्या मनावर उपचार करून भागत नाही. आपले लोक पूर्वी कसे लढले ते आठवायला हवं, आणि संघटना हवी.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. सरकार सांगायचं, जनतेला लढाई जिंकायची आहे. मार्तिन-बारोंनी १९८६ मध्ये लोकमत विचारणारी संस्था काढली. माणसं घरोघर जाऊन विचारायची. उत्तर निघालं, बहुतेकांना बोलणी करून युद्ध थांबवायचं होतं! प्रत्येकाला वाटत होतं, असं वाटणारी मी एकटीच. निकाल छापून आले तेव्हा लोकांना आपलाच चेहरा आरशात दिसला.

१६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिकांनी विद्यापीठात शिरून त्यांना गोळ्या घातल्या. सोबतचे पाच धर्मगुरू, स्वयंपाक करणारी बाई आणि तिची लेक, सगळ्यांनाच मारलं. युद्ध १९९२ मध्ये बोलणी होऊनच थांबलं.

हा आरसा आपल्या बैठकीतही धरता येतो. आमच्या एका गटात मारहाणीचा विषय निघाला की सगळ्या म्हणायच्या, “संसारात चालायचंच.” मग आम्ही तोंड बांधलेलं मडकं ठेवलं. नवऱ्यानं मारणं चूक वाटत असेल तर हरभरा टाकायचा, चालतं वाटत असेल तर ज्वारी. दोन्ही दाणे प्रत्येकीच्या हातात, टाकायचा एकच, पदराआडून. मडकं उपडं केलं तर जवळजवळ सगळे हरभरेच. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक वयस्क काकू म्हणाल्या, “म्हणजे तुम्हालाबी?”

तुम्ही करणार असाल तर कुणाचा दाणा कुठला हे कधीच विचारू नका. बैठकीनंतर कुणी थांबून बोलू लागली तर घाई न करता ऐका, आणि १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर तिला पाठ करून द्या. कागदावर लिहून दिला तर घरी सापडतो.