आधी ठाण्यात विश्वास, मग यात्रेत गणवेश

समलिंगी आणि तृतीयपंथीयांच्या अभिमान यात्रेत पोलिसांनी गणवेशात चालावे का? न्यूयॉर्कच्या आयोजकांनी २०२१ साली त्याला मनाई केली. आपल्याकडे तर यात्रेची परवानगीच पोलिसांच्या हाती असते. २०२० साली मुंबईच्या यात्रेला ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी नाकारली गेली. त्याऐवजी आझाद मैदानावर झालेल्या मेळाव्यातील घोषणांवरून पन्नासहून अधिक जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. म्हणून पोलिसांनी बंदोबस्त जरूर ठेवावा, पण गणवेशात सामील होणे विश्वास कमावल्यावरच शोभेल.

यामुळे समलिंगी पोलीस दुरावतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यांनी साध्या कपड्यांत, नागरिक म्हणून अवश्य यावे. सोबत चालल्याने मने बदलतात, हेही खरे. पण हक्क नियमांनी मिळतात. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावल्यावरच महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना वाट मिळाली. तमिळनाडूने त्याच वर्षी समलिंगी आणि तृतीयपंथी समाजाचा छळ करण्यास मनाई करणारा नियम पोलिसांच्या वर्तणूक नियमांत घातला. महाराष्ट्राने तोच कित्ता गिरवावा आणि आपल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने प्रत्येक ठाण्यात या नागरिकांची तक्रार सन्मानाने नोंदवावी. यात्रेचे निमंत्रण त्यानंतर.